आग्नेसबायचा कोयता

भाईंदरच्या औद्योगिक वसाहतीत स्टीलच्या भांड्यांचा एक कारखाना होता. तिथे मी निवृत्त होईपर्यंत तपासनीस होतो. या पदाला कारखान्यात बरंच भारदस्त नाव होतं, पण काम एवढंच : दुसऱ्याने केलेली वस्तू उजेडात धरायची, सगळ्या बाजूंनी फिरवायची आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची. डावीकडे पास, उजवीकडे नापास. झारे, डाव, पळ्या, सांडशा यांच्यातले दोष काढण्यात माझी हयात गेली. लग्नाच्या पंगतीत मी ताट उलटं करून बघतो, अशी माझी नातेवाइकांत ख्याती आहे. ती खोटी आहे. मी फक्त वाटी बघतो.

निवृत्तीनंतर घरात बसल्यावर लक्षात आलं की आपण आयुष्यात स्वतः एकही वस्तू केलेली नाही. साठीनंतर माणसं अध्यात्माकडे, शेअर बाजाराकडे किंवा स्थानिक राजकारणाकडे वळतात. मी लोहारकामाकडे वळलो. माझी बायको सुनंदा म्हणाली, “मी पेटी शिका म्हटलं होतं. भाता तिलाही असतो.”

आमचं घर जुन्या गावठाणातलं. वडिलांच्या वेळी मागच्या दाराबाहेर भातखाचरं होती आणि त्यांच्यापलीकडे मिठागर. आता मागच्या दाराबाहेर सात मजली इमारत आहे आणि तिच्यापलीकडे तशाच आणखी. मधे पत्र्याची एक शेड तेवढी उरली होती. तिच्यातली मोडकी सायकल, पाण्याची जुनी टाकी आणि गेल्या तीन निवडणुकांचे फलक बाहेर काढल्यावर बऱ्यापैकी जागा निघाली.

घरी लोहारकाम सुरू करायला फारसं काही लागत नाही. आग, तिला वारा, ठोकायला काहीतरी जड, ठोकलेलं धरायला सांडस आणि तापलेलं बुडवायला पिंप. मी मातीने लिंपलेली एक लोखंडी पाटी घेतली, तिला खालून ब्लोअर जोडला आणि कोळसा भरला. ऐरणीसाठी काशीमीऱ्याला भंगारवाल्याकडे गेलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “शूटिंग है क्या, अंकल?” मी नाही म्हटल्यावर त्याला माझी थोडी काळजी वाटली असावी, कारण त्याने चहा मागवला. ऐरण मिळाली. तिथल्याच एका गॅरेजमधून ट्रकच्या कमानीची तुटकी पाती मिळाली. तिला गॅरेजवाले पाटा म्हणतात. ट्रकचं वजन आणि घोडबंदर रोडचे खड्डे सोसून झालेलं हे पोलाद हत्यारांना फार चांगलं.

शेजाऱ्यांचाही विचार केला. नुसती ऐरण देवळातल्या घंटेसारखी वाजते. ती लाकडी ओंडक्यावर बसवली, ओंडका वाळूच्या घमेल्यात ठेवला आणि ऐरणीच्या कमरेला जाड साखळी गुंडाळली, की आवाज निम्मा होतो. धुराचं मात्र तसं जमत नाही. मागच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या जिग्नाबेन पहिल्याच दिवशी बाल्कनीतून ओरडल्या, “अंकल, मेरे पापड सूख रहे हैं!” त्यानंतर भट्टी दुपारी जेवणं झाल्यावर पेटवायची, असं ठरलं. पापड त्याआधी आत.

आणि मग मी फक्त तपासनिसालाच सुचेल अशी एक गोष्ट केली. शेडमध्ये उजेड आणला. अर्धे पत्रे काढून पारदर्शक फायबरचे बसवले, भिंतींना पांढरा चुना दिला आणि ऐरणीच्या डोक्यावर एलईडीचे लांब दिवे लावले. आजवर जेवढे लोहार पाहिले होते, ते सगळे काळोख्या खोपटांत काम करत. मला ते नेहमी गबाळेपणाचं वाटे. माणसाला स्वतः काय करतोय ते दिसत नसेल, तर तो चांगलं काय करणार? माझी शेड मात्र दवाखान्यासारखी लख्ख झाली. सुनंदा म्हणाली, “इथे लोखंडाचं ऑपरेशन आहे का?”

उद्घाटन मला नको होतं, पण आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या अध्यक्षांना हवं होतं. त्यांच्याकडे कात्री कायम तयार असते. त्यांनी फीत कापली, मला शाल घातली आणि लुप्त होत चाललेल्या बलुतेदारीवर भाषण केलं. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी लोहार झालेला नाही, आम्ही भात आणि मीठ पिकवणारी माणसं, पण भाषणाच्या ओघात ते मला ‘या वारशाचे शेवटचे शिलेदार’ म्हणाले. नंतर मी सर्वांसमोर खिळा घडवून दाखवायचा होता. ठिणग्या उडाल्या, टाळ्या पडल्या. शाल नायलॉनची होती. भट्टीजवळ नायलॉन पांघरू नये, हे मला त्याच दिवशी कळलं. खिळा वाकडा झाला, तरी अध्यक्षांनी तो आठवण म्हणून नेला.

सुरुवातीची गिऱ्हाइकं अशाच प्रसिद्धीतून आली. बेव्हर्ली पार्कातून एक गृहस्थ आले. त्यांना दारावर ठोकायला काळ्या घोड्याची नाल हवी होती. मी म्हटलं, नाल करून देतो, घोडा तुम्ही आणा. ते म्हणाले, “घोडा मनात धरून करा ना.” एका नवरदेवाला फोटोपुरती तलवार हवी होती, धार नसलेली, पण ‘दिसायला खतरनाक’. मी आकडे, कड्या, फुलझाडांच्या कुंड्या टांगायचे हूक करत होतो. या वस्तूंचं बरं असतं. त्या वाकड्या झाल्या तर माणसं त्यांना हस्तकला म्हणतात.

मग आग्नेसबाय आली.

आग्नेसबाय किनाऱ्यावरच्या चौक या कोळी गावची. पहाटे धक्क्यावर मासळी घ्यायची, बसने भाईंदरच्या बाजारात यायचं आणि ठरलेल्या ओट्यावर बसायचं, हा तिचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. आमच्या घरी मासळी तिच्याकडूनच येते. सुनंदाचं आणि तिचं नातं भावावरून भांडणाऱ्या दोन सख्ख्या बहिणींचं आहे. त्या वर्षी तिला चिकनगुनिया झाला. ताप गेला, पण बोटांचे सांधे सुजलेलेच राहिले. तिला मूठ आवळता येईना.

बाहेरच्या माणसाला यातली अडचण पटकन कळणार नाही. आजकाल गिऱ्हाईक मासळी घेतं ते कापूनच. सुरमईच्या तुकड्या, पापलेट साफ, कोलंबी सोललेली. जी कापून देत नाही तिच्याकडे कुणी थांबत नाही. आणि कोळणीच्या कोयत्याची मूठ घट्ट धरली नाही, तर तो हातातून निसटून पायावर येतो.

ती आमच्या शेडच्या दारात उभी राहिली, दिव्यांकडे बघून डोळे बारीक केले आणि म्हणाली, “भाऊ, तू लोहार झालास त्ये खरं हाय?”

“होतोय,” मी म्हटलं.

“मग मना एक कोयता कर. धरावा न लागनारा.”

“न धरता कोयता कसा चालेल?”

“त्ये तू बघ. शिकलेला तू हायस.” मग तिने खरी गोष्ट सांगितली. मासेमारीवरच्या पावसाळी बंदीमुळे होड्या किनाऱ्याला होत्या. बंदी उठली की हंगाम सुरू होणार. तिची जाऊ फिलोमिना घरात सगळ्यांदेखत म्हणाली होती, आता तुझे हात गेले, या साली ओट्यावर मी बसते. आग्नेसबायचा नवराही फिलोमिनेच्याच बाजूचा. “एकदा ती बसली का मी उठलीच म्हनून समज. ओटा म्हनजे खुर्ची न्हाय, परत मागायला. घरात बसून मी काय करू? भिंतीला मासं विकू?”

मी तपासनीसच. आधी माप घेतलं. जाडी मोजायचं व्हर्नियर काढून तिच्या बोटांच्या गाठी मोजू लागलो, तर ती हसायला लागली. “सोनाराकडं आली का मी? पाटल्या करतोस का काय?”

लाकडाच्या तीन-चार खोट्या मुठी करून तिच्या हातात देऊन पाहिल्या. शेवटी जमलं ते असं : मूठ नेहमीपेक्षा बरीच जाड, सुतळी गुंडाळलेली, आणि तिच्यावरून चामड्याचा एक पट्टा. हात पट्ट्यात सरकवायचा. बोटं आवळली नाहीत तरी कोयता हाताला लटकून राहतो. पात्याचं वजन पुढच्या टोकाकडे ठेवलं. म्हणजे हात फक्त उचलायचा, खाली कोयता आपला आपण पडतो.

आता पात्याविषयी थोडं. पोलादाला आकार देणं हा सोपा भाग. खरी गोम पाणी देण्यात आहे. पातं एका ठरावीक रंगापर्यंत तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं आणि धार टिकते. तो रंग डाळिंबाच्या दाण्याचा. त्याच्या अलीकडे थांबलात तर पातं मऊ राहतं, फार पुढे गेलात तर ठिसूळ होतं. पुरेसं तापलेलं पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं, ही खूण मी वाचून ठेवली होती. पण चुंबक पुरे झालं एवढंच सांगतो, जास्त झालं हे सांगत नाही. बुडवल्यानंतर पुन्हा थोडं तापवून कडकपणा जरा उतरवावा लागतो. ते मी सुनंदाच्या केक करायच्या ओव्हनमध्ये करत असे. पुढे कित्येक दिवस नानकटाईला ट्रकचा वास येत होता.

कोयता झाला. देखणा झाला. मी भिंगातून धार पाहिली. कारखान्यात असतो तर विनातक्रार डावीकडे ठेवला असता. होड्या अजून किनाऱ्यालाच होत्या, पण बाजारात बर्फातली मासळी येत होती. आग्नेसबायने तो हाताला बांधला आणि ओट्यावर बसली. सुनंदा तेव्हा तिथेच होती, म्हणून पुढचं सगळं मला तिच्याकडून कळलं.

पहिल्या दोन सुरमया छान कापल्या गेल्या. तिसरी मोठी होती. काट्यावर घाव बसला आणि टिक् असा आवाज झाला. आग्नेसबायने पात्याकडे पाहिलं. धारेतून नखाएवढा तुकडा उडाला होता आणि तो गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेला की मासळीत, हे कुणालाच सांगता येईना. गिऱ्हाईक आठ महिन्यांची गरोदर बाई होती. तिने आरडाओरडा केला आणि तो करण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. आग्नेसबायने कापलेली सगळी सुरमई, आधीच्या दोन्हींच्या राहिलेल्या तुकड्यांसह, उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, “आता फिलोमिनेलाच बसव, बाय.”

संध्याकाळी तिने कोयता सुनंदाच्या हाती परत पाठवला. निरोप एवढाच : “भाऊला सांग, बंदी उठायच्या आत दुसरा कर. न्हायतर करू नको.”

मी सर्वांत आधी काशीमीऱ्याच्या गॅरेजवाल्याला फोन लावून त्याच्या पोलादाला नावं ठेवली. तो म्हणाला, “अंकल, उस पाटे पे सोला टन चलता था. आपकी मच्छी कितने टन की है?” मग मी तेलाला दोष दिला. मग ओव्हनला. शेवटी कोयता पक्कडीत धरून मोडला आणि मोडलेली कड भिंगाखाली धरली. दोष काढणं मला येतं. चांगलं कडक झालेलं पोलाद मोडलं की आतून मैद्यासारखं मऊ, राखाडी दिसतं. माझं खडीसाखरेसारखं चमकत होतं. याचा अर्थ ते गरजेपेक्षा फार तापलं होतं. पण मी तर रंग बघून बुडवलं होतं. डाळिंबाचा दाणाच होता तो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

नवीन पातं घडवलं. बुडवलं, मोडलं, खडीसाखर. आणखी एक, तीच खडीसाखर. तोवर होड्यांना रंग लावणं सुरू झाल्याच्या बातम्या चौकहून येऊ लागल्या. सुनंदा आता माझ्याशी बाजाराविषयी बोलत नव्हती. ती गप्प राहिली की घरात तव्यावरची पोळीसुद्धा हळू फुगते.

एका दुपारी आभाळ फार भरून आलं होतं. भट्टीत चौथं पातं होतं. रंग डाळिंबी झाला आणि मी ते सांडशीत धरून बाहेर काढलं, तेवढ्यात वीज गेली. दिवे गेले, ब्लोअर थांबला, छतातून येणारा उजेड तर ढगांनी आधीच खाल्ला होता. शेडमध्ये अंधार झाला.

आणि त्या अंधारात माझं डाळिंबी पातं पिवळंधमक दिसत होतं. पिकलेल्या लिंबासारखं. शेडच्या कोपऱ्यापर्यंत त्याचा उजेड पडला होता.

मी सांडस हातात धरून तसाच उभा राहिलो. सुनंदा मोबाइलचा टॉर्च लावून दारात आली. “अहो, वीज गेलीय, बाहेर या.”

“तो टॉर्च बंद कर!”

“धडपडाल.”

“बंद कर आधी! आणि हे बघ.”

तिने टॉर्च बंद केला. आम्ही दोघं त्या पात्याकडे बघत राहिलो. ते हळूहळू निवत गेलं, लिंबाचं नारिंग झालं, नारिंगाचा गुलमोहर, आणि मग अगदी शेवटी, विझण्याच्या थोडं आधी, डाळिंबाचा दाणा. खरा दाणा. तो इतका मंद होता, की माझ्या दिव्यांखाली मला कधी दिसलाच नसता.

“उन्हात निरांजन लावलं तर ज्योत कुठे दिसते?” सुनंदा म्हणाली. “एवढ्यासाठी तुम्ही माझा ओव्हन बाटवलात.”

काळोख्या खोपटांतले ते लोहार मला आठवले. त्यांना मी गबाळे समजत आलो होतो. अंधार ही त्यांची गैरसोय नव्हती, ते त्यांचं मोजमापाचं साधन होतं, आणि त्याला खर्च शून्य. मी मात्र हजारो रुपये घालून ते साधन शेडमधून काढून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी छतावर ताडपत्री अंथरली, दिवे उतरवले आणि पांढऱ्या भिंतींना कोळशाची पूड कालवून फासली. जिग्नाबेन बाल्कनीतून कळवळल्या, “अंकल, ये क्या किया! अब ऊपर से कुछ दिखता ही नहीं. पूरा टाइमपास गया.” अध्यक्ष योगायोगाने एका पाहुण्यांना वारसा दाखवायला घेऊन आले होते. त्यांनी आत डोकावून पाहिलं, दोन पावलं मागे झाले आणि पाहुण्यांना म्हणाले, “सध्या नूतनीकरण चालू आहे.”

त्या काळोखात पातं घडवलं. डाळिंबी झालं, बुडवलं. आधी नमुन्याचा एक तुकडा मोडून पाहिला : मैदा. मग कोयता पुरा केला, पट्टा बांधला आणि सुक्या नारळाच्या करवंट्यांवर सपासप घाव घातले. भिंग घेऊन अंगणात उजेडात आलो. धारेवर ओरखडा नव्हता. तरी मला भरवसा वाटेना. दुसऱ्याचा माल पास करायला मला कधी पाच सेकंदांच्या वर लागली नव्हती. हा डावीकडे ठेवायला मी अख्खी संध्याकाळ घेतली.

बंदी उठल्यावर बाजार भरला त्या सकाळी मी सुनंदाबरोबर गेलो. आग्नेसबाय तिच्या ओट्यावर होती. कोयता सुनंदाने आदल्या दिवशीच चौकला पोचवला होता आणि तो तिच्या हाताला बांधलेला होता. बाजूला, ओट्याला टेकून, फिलोमिना उभी होती. ठेंगणी, गप्प, काखेत स्वतःचा कोयता. ती कशासाठी उभी आहे हे सगळ्या बाजाराला माहीत होतं.

पहिलं मोठं गिऱ्हाईक एका हॉटेलवाल्याचं आलं. त्याने घोळ निवडली, मांडीएवढी. घोळीच्या काट्यापुढे माझ्या आधीच्या कोयत्याचा निम्मा भाग उडून गेला असता. आग्नेसबायने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने हात उचलला आणि सोडला. कोयता पडला. काटा तुटल्याचा आवाज आला, कच्च, ओल्या फांदीसारखा. तिने पातं तोंडाजवळ नेऊन धारेवर नजर फिरवली आणि पुन्हा हात उचलला. घोळ संपली. मग सुरमई, मग रावस.

तासाभराने तिचा हात भरून आला. मनगट फुगलं होतं. पुढचा घाव घालताना कोयता तिरका पडला, तिने ओठ दाबले, गिऱ्हाइकं मागे उभीच होती. फिलोमिनेने काखेतला कोयता हातात घेतला.

आग्नेसबायने तिच्याकडे पाहिलं. मग ती ओट्यावर डावीकडे सरकली. सगळी नाही, अर्धीच.

“बस,” ती म्हणाली. “बारकी मासळी तू कर. मोठी माझी. भाव मी सांगनार, तू मधी तोंड घालू नको.”

फिलोमिना बसली. तिने एक पापलेट ओढलं आणि साफ करायला लागली. काही वेळाने तिची नजर जावेच्या हातातल्या पट्ट्याकडे गेली. “असला मना पन पायजे,” ती हळूच म्हणाली.

आग्नेसबायने मान वर केली आणि मला शोधलं. “भाऊ, हिला पन एक कर. पन धार माझ्याएवढी नको देऊ.”

“मी ऐकतंय हा,” फिलोमिना म्हणाली.

“ऐक की. तुलाच सांगतंय.” आणि मग माझ्याकडे वळून, “आता हल हितून. कोयता बघायला आलास, बघितलास. गिऱ्हाइकाची वाट अडवू नको.”